वॉटरजेट तासाला कितीला पडतं? आधी तास कुठला ते ठरवूया

वॉटरजेट, म्हणजे प्रचंड दाबाच्या पाण्याच्या धारेनं प्लेट कापणारं मशीन, घ्यायचा विचार करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो, की तासाला खर्च किती येतो, आणि मशीन विकणाऱ्याकडं त्याचं उत्तर तयारच असतं, एक गोल आकडा, वीज, पाणी आणि गार्नेट (पाण्याबरोबर सोडायची कापणारी कडक वाळू) धरून. तो आकडा खोटा नसतो. पण तो फक्त धार चालू असतानाचा असतो आणि त्यात बँकेचा हप्ता नसतो, माणसं नसतात, मशीन बसून राहिलेला वेळ नसतो. लोक त्याच आकड्यावर थोडं वर टाकून रेट लावतात आणि दोन वर्षांनी म्हणतात काम तर भरपूर केलं पण हातात काय राहिलं नाही. सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत, मिरजेत, तिकडं साताऱ्यात आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीत हेच बघतोय आणि चांगली कष्टाळू पोरं यात अडकतात याचं वाईट वाटतं, म्हणून सगळा हिशेब एकदा उघडून लिहितो.

मशीन धरू ५० एचपी इन्टेन्सिफायर (दाब वाढवणाऱ्या) पंपाचं, आपल्या भागात जॉबवर्कला बहुतेक हेच असतं. प्रेशर ३८०० बार, ओरिफिस, म्हणजे पाणी बाहेर पडायचं बारीक भोक, ०.३५ मि.मी., आणि त्याच्या खाली पाणी-गार्नेट एकत्र जिच्यातनं जातं ती फोकसिंग ट्यूब १.०२ मि.मी. आतलं काम समजायला अवघड नाही, हायड्रॉलिक तेलाचं प्रेशर २०० बारच्या आसपास असतं पण तेलाकडचा पिस्टन पाण्याकडच्या प्लंजरपेक्षा क्षेत्रफळानं वीसपट मोठा, त्यामुळं पाण्याला जवळजवळ ४००० बार मिळतं. ते पाणी केसाच्या चार-पाचपट जाडीच्या भोकातनं आवाजाच्या दुपटीपेक्षा जास्त वेगानं बाहेर पडतं. नुसत्या पाण्यानं रबर फोम कापतं, स्टील कापायचं तर त्यात गार्नेट ओढावं लागतं आणि खर्चाची खरी गोष्ट तिथनं सुरू होते.

आता आकडे. दर मी हिशेबापुरते गोल धरतोय, तुमच्याकडं जे पडतात ते घाला, जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून तो धरला नाही. गार्नेट मिनिटाला ४०० ग्रॅम म्हणजे तासाला २४ किलो, किलोला ₹२५ धरलं की ₹६००. वीज, पंप कूलिंग कॉम्प्रेसर कंट्रोलर सगळं मिळून तासाला ३८ युनिट, सगळे आकार धरून युनिट ₹१० तर ₹३८०. फोकसिंग ट्यूब ₹८००० ची, ८० तास चालली तर ₹१००. सफायर ओरिफिस ₹१००० चं ५० तास म्हणजे ₹२०. सील किट, चेक व्हॉल्व्ह (पाणी मागं फिरू न देणारा), नोझलचे बाकी पार्ट, हाय प्रेशरच्या नळ्या वगैरे मिळून ₹१००. पाणी मिनिटाला साडेतीन लिटर, तासाला २१० लिटर, सॉफ्टनरचं मीठ-फिल्टर धरून ₹२५. बेरीज ₹१२२५. म्हणजे गार्नेट एकटंच जवळजवळ निम्मं, आणि ज्या पाण्याच्या नावानं मशीन ओळखतात ते दोन टक्के.

इथपर्यंत सगळे येतात. पलूसकडचा एक पोरगा आला होता, वडलांचं फॅब्रिकेशनचं शॉप आहे, कोटेशन घेऊनच आलेला. म्हणाला, "दादा, मशीनवाला साडेबाराशेच म्हणतोय की ओ, मग अठराशे रेट लावला तरी तासाला साडेपाचशे सुटतात." म्हटलं, "बरोबर म्हणतोय तो, पण हप्ता कोण भरणार रे?" ट्रॅक्टर भाड्यानं देणारा माणूस डिझेल तेवढं धरून नांगरटीचा रेट सांगत नाही, टायर, ड्रायव्हर आणि बँक पण धरतो, आणि इथं साठ लाखाचं मशीन घेणारा मात्र फक्त डिझेल मोजतोय.

तर दुसरा अर्धा भाग. मशीन ६० लाखाचं, सात वर्षांत वसूल धरलं तर वर्षाला साडेआठ लाखाच्या वर, आणि व्याज सरासरी ३ लाख वर्षाला. वर्षात धार २००० तास चालली तर तासाला साधारण ₹५८०. दोन माणसं, महिन्याला मिळून ₹४०,०००, तर धारेच्या तासाला ₹२४०. एकूण झाले ₹२०४५. आता हेच मशीन वर्षात १००० तासच चाललं तर हप्ता तोच, पगार तोच, तासाला झाले ₹२८६५. मशीन तेच ऑपरेटर तोच गार्नेट तेच आणि तासाला ₹८२० चा फरक, निव्वळ धार किती तास चालू होती त्यावर. जागेचं भाडं, क्रेन, कॅडवाला मुलगा हे तर मी अजून धरलंच नाही.

आणि धारेचा तास म्हणजे घड्याळाचा तास नव्हे, हे तर फारच महत्त्वाचं. आठ तासांच्या शिफ्टमध्ये प्लेट चढवणं, लेव्हल करणं, प्रोग्राम, ट्यूब बदलणं, तुकडे काढणं यातच दोन-तीन तास जातात आणि तेही चांगल्या शॉपमध्ये. कंट्रोलरमध्ये धारेचा वेगळा मीटर असतो, तो रोज संध्याकाळी वहीत उतरवून ठेवा, शिफ्टचे तास शेजारी लिहा. महिन्याभरात तुम्हाला तुमच्या धंद्याबद्दल जे कळेल ते कुठला सीए सांगू शकणार नाही.

आता गार्नेट. निम्मा खर्च तिथं म्हटल्यावर सगळ्यांचा हात पहिला तिथंच जातो, ४०० ग्रॅमचं ३०० करा, तासाला ₹१५० वाचले. पण कापायचा वेग पण पडतो ना. कटिंग स्पीड काढायचं जे सूत्र या धंद्यात सगळीकडं वापरतात त्याप्रमाणं गार्नेट पाव भागानं कमी केलं की वेग साधारण ११ टक्के पडतो. आता बघा गंमत. फक्त ₹१२२५ वाला खर्च धरला तर तो झाला ₹१०७५, पण पहिल्या एका तासाचं काम करायला आता जादा वेळ लागतो, तो धरून पडतात ₹१२०४. म्हणजे वीसेक रुपये वाचल्यासारखे दिसतात. पण मशीन-माणूस धरून ₹२०४५ वाला हिशेब केला तर ₹१८९५ होतात आणि तेवढंच काम पडतं ₹२१२२ ला, म्हणजे सत्तर-ऐंशी रुपये तोटा. एकच निर्णय, एका हिशेबात बचत आणि दुसऱ्यात नुकसान. मग खरं काय? दोन्ही खरं. दारात काम लायनीला उभं असेल तर मशीनचा प्रत्येक तास किमती आहे, गार्नेट मोकळ्या हातानं सोडा, कारण वाचलेल्या वेळेत दुसऱ्याची प्लेट चढणार आहे. कामच नसेल, मशीन दुपारनंतर बसूनच राहणार असेल तर थोडं कमी करा, वेळ कुठं जातोय. पण हे ठरवून करायचं, ऑपरेटरला कायमचं सांगून ठेवायचं नाही की गार्नेट जपून वापर, तो बिचारा जपतो आणि सीझनमध्ये तुमचं डिस्पॅच लटकतं. आणि उलट बाजूला पण मर्यादा आहे बरं का, एका हद्दीपुढं गार्नेट वाढवलं की वेग वाढत नाही, ट्यूब तुंबते नाहीतर लवकर जाते.

गार्नेट कुठलं घ्यायचं यावर पण खूप वाद चालतात. आपल्याकडं ते तमिळनाडू, केरळ, ओडिशाच्या किनाऱ्याच्या वाळूतनं निघतं. तमिळनाडूत २०१३ साली किनाऱ्यावरचं खनन सरकारनं थांबवलं, पुढं २०१९ ला केंद्रानं या वाळूच्या खाजगी लीज बंद केल्या, कारण त्याच वाळूत मोनाझाइट असतं आणि मोनाझाइटमध्ये अणुऊर्जेला लागणारं थोरियम. तेव्हापासून माल आणि भाव दोन्हीची पूर्वीसारखी खात्री राहिली नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं पोर्ट ग्रेगरीकडचं गार्नेट पण येतं, महाग पण दाणा एकसारखा. खडक फोडून केलेलं गार्नेट धारदार असतं, कापतं जोरात पण ट्यूब पण खातं. माझं मत स्पष्ट आहे, किलोचा भाव बघून गार्नेट घेऊ नका, एकाच प्लेटवर दोन्ही टाकून एक मीटर कापायला किती पडलं ते बघा. स्वस्त मालात धूळ आणि मोठे दाणे असतात, एक मोठा दाणा अडकला की ट्यूब तुंबली, नोझल उघडा, धुवा, प्लेटवर परत झिरो घ्या, अर्धा तास गेला. अर्ध्या तासाचे हजार रुपये म्हणजे जवळजवळ ४० किलो गार्नेटचे पैसे.

साठा पण आपल्या भागात जरा जास्त ठेवावा लागतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीजवळ पाण्यात जाऊन कितीतरी दिवस बंद होता, २०२१ च्या जुलैत परत तेच, आणि दक्षिणेकडचा माल सगळा त्याच रस्त्यानं येतो. जूनच्या आधी पावसाळ्याचं गार्नेट आत घेऊन लाकडी पॅलेटवर, भिंतीपासून लांब, वर ताडपत्री टाकून ठेवायचं. पावसाळी हवेत उघडं पोतं एक रात्र राहिलं तरी त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या हॉपरमधनं (गार्नेट भरायच्या डब्यातनं) खाली उतरत नाहीत, वर गार्नेट भरलेलं दिसतं आणि खाली नुसतं पाणी प्लेट पॉलिश करत बसलेलं असतं.

ट्यूबबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण इथं लोक हमखास उलटा हिशेब करतात. टंग्स्टन कार्बाइडची ट्यूब आतनं हळूहळू झिजते, १.०२ चं भोक १.२ पर्यंत जातं, आणि गोल राहत नाही, एका बाजूला जास्त खातं. म्हणून रोज पाव फेरा फिरवायची म्हणजे झीज सगळीकडनं सारखी होते. आमच्याकडं शिफ्टच्या सुरुवातीला पिन गेजनं भोक बघायचं हा नियम आहे, पिन किती सैल जाते ते बोटाला कळतं, आणि टॉर्च मारून वरनं आत बघितलं तर भोक गोल आहे का अंड्यासारखं झालंय ते दिसतं. आता भोक १.२ झालं की वेग सूत्राप्रमाणं परत ११ टक्क्यांच्या आसपास पडतो. ८० तासाला बदलायची ट्यूब १२० तास ओढली तर ट्यूबचा खर्च तासाला ₹१०० वरनं ₹६७ वर आला, ₹३३ वाचले. पण शेवटच्या तासांमध्ये ₹२०४५ च्या तासात ११ टक्के काम कमी निघतंय, म्हणजे सव्वादोनशे रुपये गेले. शिवाय काप रुंद होतो, माप चुकतं, आणि टेपर येतो म्हणजे कड तिरकी होते. तेहतीस वाचवायला सव्वादोनशे घालवायचे हे कुठल्या शहाण्या माणसाला कळून पटणार नाही, पण ट्यूबचे ₹८००० बिलावर दिसतात आणि सव्वादोनशे कुठंच लिहून येत नाहीत, अडचण तिथं आहे.

ओरिफिसचं पण तसंच. हिऱ्याचं ओरिफिस पंचवीसेक हजाराचं धरलं आणि ८०० तास चाललं तर तासाला ₹३१, सफायर ₹२०. कागदावर सफायर स्वस्त. पण सफायरच्या कडेचा एक टवका उडाला की धार सरळ राहत नाही, फवारा होतो आणि तो ट्यूबची एक बाजू खाऊन टाकतो. सतत चालणाऱ्या मशीनला हिरा, दिवसात दोन-तीन तास चालणाऱ्याला सफायर, असं माझं मत. फक्त हिरा लावायचा तर पाणी स्वच्छ पाहिजे, कचऱ्याचा एक कण गेला तर पंचवीस हजार एका मिनिटात जातात.

पाण्याचा खर्च दोन टक्के म्हटलं मघाशी, पण पाणी वाईट असेल तर बाकीचे सगळे आकडे बिघडतात. आपल्याकडं बोअरचं पाणी कसं असतं ते कृष्णाकाठच्या खारवटलेल्या रानांवरनंच कळतं. असलं जड पाणी सरळ पंपाला दिलं की ओरिफिसच्या तोंडाशी क्षार धरतात, सील पण लवकर जातात. एमआयडीसीचं पाणी बरं, तरी सॉफ्टनर आणि बारीक फिल्टर लागतोच आणि पावसाळ्यात नदी गढूळ असताना फिल्टर भराभर बदलायला लागतात. उलट टोकाला काही जण आरओ लावून एकदम शून्याकडचं पाणी देतात, ते पण बरं नाही, अति शुद्ध पाणी धातूतनंच क्षार ओढून घेतं, प्लंजर-सिलिंडरला मारक.

सीलसाठी वेगळं यंत्र लागत नाही, पंपाजवळ दोन मिनिटं उभं राहायचं. हाय प्रेशरच्या जोडांना आणि सिलिंडरच्या टोकाला बारीक वीप होल असतात, गळती झाली की पाणी तिथनं थेंब-थेंब बाहेर येतं. थेंब कधीतरी एक पडतोय तर लक्ष ठेवा, सलग पडायला लागला तर त्या आठवड्यातच सील, धार लागली तर आताच. हात लावायचा नाही, लांबनंच बघायचं, ४००० बारची बारीक गळती हातात शिरते आणि बाहेरनं नुसता टोचल्यासारखा डाग दिसतो, आत सगळं गेलेलं असतं. असं झालं तर घरी न जाता सरळ मोठ्या दवाखान्यात. चेक व्हॉल्व्ह गळतोय का ते सिलिंडरच्या दोन टोकांच्या तापण्यावरनं कळतं, एक टोक जास्त तापलं की तिकडं काहीतरी आहे, तापमान बघायची लेसर गन स्वस्तात मिळते.

काही जण सील वाचवायला प्रेशर ३८०० वरनं ३४०० वर आणतात. वेग जातो १८ टक्के. गार्नेट तेवढंच पडतंय, वीज थोडी कमी, पण काम जवळजवळ पाचव्या हिश्शानं कमी. काच, ग्रॅनाइटला भोक पाडताना प्रेशर कमी करायचंच असतं ती गोष्ट वेगळी, पण स्टीलची प्लेट कापताना प्रेशर कमी ठेवणं म्हणजे महिन्याच्या शेवटी हिशेब जुळत नाही त्याचं एक कारण तिथं सापडेल.

विजेबद्दल थोडक्यात. नोझल बंद असलं तरी पंपाची मोटर फिरत असते, दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. पॉवर फॅक्टर आणि डिमांड महिन्याला बिलावर बघा. वळवाच्या पावसात लाईट ट्रिप होते तेव्हा फक्त प्लेट जात नाही, ट्यूबमधलं पाणी वर गार्नेटच्या नळीत चढतं, ओलं गार्नेट तुंबतं, ते सगळं उघडून वाळवेपर्यंत तास जातो.

हे झालं आपल्या बाजूचं. पार्टीच्या बाजूनं खर्च ठरतो फिनिशवर. वॉटरजेटला कडेचे पाच दर्जे धरतात, क्यू-१ म्हणजे तुकडा वेगळा झाला एवढंच आणि क्यू-५ म्हणजे गुळगुळीत. क्यू-३ चं क्यू-५ केलं की वेळ १.८ पट. तोच तुकडा, तीच प्लेट, आणि पैसे जवळजवळ दुप्पट. लोक सवयीनं म्हणतात, "फिनिश एकदम भारी पाहिजे बघा", आणि नंतर ती कड वेल्डिंगखाली जाणार असते. म्हणून विचारायचं की साहेब ही बाजू कुठं बसणार, हिला मशीनिंग आहे का, मग इथं क्यू-२ चालेल, फक्त या आतल्या भोकाला क्यू-४ देतो. पार्टीचे पैसे वाचतात आणि पार्टी परत येते. जाडीचं पण सांगून टाकायचं, जाडी दुप्पट झाली की वेळ सव्वादोनपटीच्या आसपास लागतो, दुप्पट नाही. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा अडीचपटीनं भराभर कापतं. आणि जाळीसारखा भोकांचा पार्ट असेल तर कापायची लांबी कमी दिसते पण प्रत्येक भोकाला पिअर्सिंगचा, म्हणजे धार पहिल्यांदा आरपार जायचा, वेळ आहे, जाड प्लेटमध्ये एकेका भोकाला अर्धा मिनिट धरा. मीटरवर रेट देऊन असलं काम घेतलं की बुडालात.

पातळ पत्र्याला आमच्याकडं कोण आलं तर मी सरळ लेसरकडं पाठवतो, तिथं आपण परवडतच नाही. आपलं काम जाड स्टेनलेस, तांबं, गनमेटल, रबर गॅस्केट, ग्रॅनाइट, काच, आणि जिथं कडेला उष्णता लागून चालत नाही ते सगळं. या भागात अजून एक गोष्ट लक्षात ठेवायची, साखर कारखान्यांचं दुरुस्तीचं काम गाळप संपल्यावर येतं, उन्हाळा आणि पावसाळ्याचा पहिला भाग मशीन रात्रंदिवस आणि थंडीत निम्मं. त्यामुळं वर्षाचे तास बाराने भागून काढलेला सरळ आकडा फसवा आहे. मी सीझनचा रेट आणि बाकी महिन्यांचा रेट वेगळा ठेवतो आणि पार्टीला तसं तोंडावर सांगतो, सहसा कोणाची तक्रार येत नाही.

राहिलं गाळाचं. तासाला २४ किलो गार्नेट मशीनखालच्या टाकीत पडतंय, म्हणजे २००० तासांत ४८ टन, ते कुठंतरी जाणारच. टाकी मोकळी करायला माणसं, दोन दिवस मशीन बंद, ट्रॅक्टर. नुसतं स्टील-ग्रॅनाइट कापलं असेल तर गाळ निरुपद्रवी असतो, पण शिसं किंवा बेरिलियम कॉपरसारखं काही कापलं असेल तर तो वेगळा ठेवून नियमाप्रमाणंच द्यायचा, ओढ्याकाठी टाकायचा नाही, खाली लोकांच्या विहिरी आहेत. हा खर्च कोणीच तासात धरत नाही. मी तासाला ₹४० धरतो, म्हणजे वरचे ₹२०४५ माझ्या वहीत ₹२०८५ आहेत, आणि पार्टीनं तासाचा रेट विचारला तर त्यावर जागा, क्रेन, नफा टाकून सांगतो, पण कोटेशन मात्र ड्रॉइंग बघून, लांबी, जाडी, क्यू आणि पिअर्सिंगची संख्या लिहून नगावरच देतो.